माटुंगा, डोंबिवली, लोटे

विद्यापीठ आणि उद्योग यांच्या नात्यावर परिसंवाद असला की पहिला वक्ता हटकून कॅलिफोर्नियाला पोचतो. स्टॅनफर्डचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन, त्यांचे दोन विद्यार्थी ह्यूलेट आणि पॅकार्ड, त्यांनी १९३९ साली गॅरेजमध्ये थाटलेली कंपनी, पुढे १९५१ साली विद्यापीठाच्याच जमिनीवर उभी राहिलेली औद्योगिक वसाहत. ही कहाणी खरी आहे, पण ती इतकी उगाळली गेली आहे की श्रोते चहाच्या सुट्टीची वाट पाहू लागतात. शिवाय तिच्यासाठी एवढं लांब जायचं कारण नाही. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरावं, पूर्वेला व्हीजेटीआयच्या दिशेने चालत सुटावं. नाथालाल पारेख मार्गावर जी संस्था लागते, तिचं आजचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. जुने लोक मात्र अजून यूडीसीटीच म्हणतात. मुंबई विद्यापीठाचा हा एकेकाळचा एक विभाग. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, डोंबिवली, रसायनी, रोहा, महाड आणि खाली चिपळूणजवळचं लोटे परशुराम हा सगळा रसायन-कारखान्यांचा पट्टा समजून घ्यायचा, तर सुरुवात याच फाटकापासून करावी लागते.

या विभागाचं मूळ कापडाच्या रंगात आहे. मुंबईच्या गिरण्या सूत काततील, कापड विणतील, पण ते रंगवायचं म्हटलं की रंग परदेशातून यायचा, बराचसा जर्मनीतून. पहिल्या महायुद्धात तो यायचा बंद झाला, भाव आकाशाला भिडले आणि रसायनशास्त्र ही केवळ परीक्षेला बसण्याची गोष्ट नाही, हे गिरणीमालकांच्या ध्यानात आलं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. त्याचं मुख्य काम महाविद्यालयांना मान्यता देणं आणि परीक्षा घेणं. त्याने स्वतः प्रयोगशाळा उघडून कारखान्यांना लागणारी माणसं घडवावीत, हा विचार तेव्हा बऱ्याच जणांना पटण्यासारखा नव्हता. तंत्रशिक्षणाच्या प्रश्नावर १९२१ साली विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तरी प्रत्यक्ष विभाग सुरू व्हायला १ ऑक्टोबर १९३३ उजाडला. तेव्हाचे कुलगुरू विठ्ठल चंदावरकर हे स्वतः गिरणीधंद्यातले. एकाच माणसाला विद्यापीठाची भाषा आणि गिरणीची गरज दोन्ही कळत होती, याचा उपयोग झाला नसेल तर नवल. सुरुवातीचे अभ्यासक्रम दोनच: वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. पहिले प्रमुख आर. बी. फॉर्स्टर विलायतेहून आले. दुसरा विषय तर तिकडेही तेव्हा नवाच होता.

१९३८ साली के. वेंकटरामन प्रमुख झाले आणि विभागाला त्याचा खरा चेहरा मिळाला. वेंकटरामन संश्लेषित रंगांचे जाणकार. त्यांचा त्या विषयावरचा बहुखंडी ग्रंथ १९५२पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभरच्या रंग-कारखान्यांत संदर्भ म्हणून वापरला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विभागात एकेक शाखा वाढत गेली: रंग आणि त्यांची मध्यवर्ती रसायनं, तेलं, औषधं, अन्न, प्लास्टिक, पेंट. ही विभागणी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अकार्बनी, कार्बनी, भौतिक अशी रसायनशास्त्राची पुस्तकी वाटणी इथे नाही. मस्जिद बंदरला किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला व्यापारी ज्या प्रकारे मालाची वाटणी करतात, साधारण तशीच वाटणी विद्यापीठाच्या विभागात झाली होती. पेंटच्या कारखानदाराला आपल्या अडचणीसाठी कोणाचं दार ठोठवायचं हे विचारावं लागत नव्हतं.

आता हा कारखानदार नेमकी कोणती अडचण घेऊन यायचा, ते जरा जवळून पाहू. समजा त्याला एक नायट्रो संयुग बनवायचं आहे. प्रयोगशाळेत एक लिटरच्या काचेच्या फ्लास्कमध्ये ही प्रक्रिया सुरळीत होते. बर्फात फ्लास्क ठेवायचा, आम्लांचं मिश्रण थेंब थेंब सोडायचं, तापमानमापीकडे लक्ष ठेवायचं. माल पिवळाधमक निघतो, यील्ड उत्तम येतं. मालक खूश होऊन डोंबिवलीत हजार लिटरची केटल बसवतो आणि पहिल्याच बॅचला माल काळा पडतो. कधी कधी त्याहून वाईट घडतं.

गणित सोपं आहे आणि निर्दयही. भांड्याची उंची-रुंदी दहापट केली की आतला माल हजारपट होतो. भांड्याचा पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. उष्णता तयार होते ती मालाच्या प्रमाणात, बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणजे हजारपट उष्णता शंभरपट वाटेने बाहेर काढायची. फ्लास्कमध्ये जी उष्णता हातालाही जाणवत नव्हती, ती केटलमध्ये साचते, तापमान चढतं, चढलेल्या तापमानाने प्रक्रिया आणखी वेगाने होते आणि शिफ्टवरचा माणूस व्हॉल्व्हकडे धावेपर्यंत हाताबाहेर गेलेली असते. त्यात दुसरी गोम अशी की आम्लाचा थर आणि तेलकट थर एकमेकांत मिसळत नाहीत. प्रक्रिया होते ती दोन थरांच्या सीमेवर किंवा तिच्या आसपास. ढवळणी कमी पडली तर आम्ल नुसतंच साचत राहतं आणि मग एकदम पेट घेतल्यासारखं सगळं मिळून प्रतिक्रिया देतं. ढवळणीचं पातं कसं हवं, कॉइल किती मीटर हवी, आम्ल किती तासांत सोडायचं, की मोठ्या केटलचा नाद सोडून छोट्या भांड्यातून अखंड प्रवाहाने काम करायचं, हे प्रश्न रसायनशास्त्राच्या पदवीधराला सुटत नाहीत आणि यंत्रांच्या अभियंत्यालाही सुटत नाहीत. दोघांच्या मधे उभं राहणारं माणूस लागतं. माटुंग्याने हे माणूस तयार केलं. पाती आणि भांडी बनवून देणारे अभियंते शेजारच्या व्हीजेटीआयमधून निघत होते, हा योगही लहान नव्हे.

मनमोहन शर्मा हे नाव इथे येतं. जन्म जोधपूरचा, शिक्षण यूडीसीटीत, पीएचडी केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे. १९६४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते माटुंग्याला प्राध्यापक म्हणून परतले. न मिसळणाऱ्या दोन टप्प्यांच्या सीमेवर, म्हणजे वायू आणि द्रव किंवा द्रव आणि द्रव यांच्या सीमेवर, प्रक्रिया कशी होते हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. डोंबिवलीच्या केटलमध्ये जे बिनसत होतं, त्याचंच हे शास्त्र. म्हणून शर्मांच्या बाबतीत मूलभूत संशोधन एका टोपलीत आणि उपयोजित दुसऱ्या टोपलीत असा हिशेब करता येत नाही. ते कारखान्यांचे सल्लागार होते आणि रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. १९९० साली तो मान मिळालेले ते पहिले भारतीय अभियंता. कारखान्यात दिसलेला कोडग्या स्वभावाचा प्रश्न पीएचडीच्या विद्यार्थ्याला द्यायचा, तीन-चार वर्षांनी त्याचा प्रबंध व्हायचा आणि तो विद्यार्थी एखाद्या कारखान्यात रुजू व्हायचा. पुढच्या वेळी फोन करणारा तोच असायचा. माझ्या मते या साऱ्या जाळ्याचं रहस्य एवढंच आहे. करारमदार नंतर आले, ओळख आधी होती.

ओळखीला बाजारात किंमत यावी अशी परिस्थिती मात्र दिल्लीने निर्माण केली. १९७० सालचा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२पासून अमलात आला. औषधं, अन्न आणि शेतीची रसायनं यांच्या बाबतीत वस्तूवर पेटंट नाही, फक्त ती बनवण्याच्या पद्धतीवर, असं त्यात ठरलं. परदेशी कंपनीचं औषध वेगळ्या वाटेने बनवून दाखवा, ते तुमचं. एका रात्रीत नवी वाट शोधणाऱ्या माणसाचा भाव वाढला आणि अशी माणसं देशात जिथे सर्वांत दाट होती, त्या जागांपैकी एक माटुंगा होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं होतं. वसाहतींत प्लॉट, पाणी आणि वीज मिळत होती. ज्ञान, कायदा आणि जमीन एकाच दशकात जुळून आली. यातलं एकही वजा केलं असतं तर डोंबिवलीची रसायन-वसाहत आज आहे तशी दिसली नसती. फक्त विद्यापीठाला श्रेय देणारे आणि फक्त सरकारला श्रेय देणारे, दोघेही अर्धी गोष्ट सांगतात.

केकी घरडा यांचं उदाहरण या तिन्हींचं आहे. यूडीसीटीचे पदवीधर, अमेरिकेत पीएचडी, परत येऊन काही काळ त्याच विभागात अध्यापन आणि मग साठच्या दशकात स्वतःचा उद्योग. डोंबिवली आणि नंतर लोटे इथे त्यांचे कारखाने उभे राहिले. गव्हाच्या शेतात माजणाऱ्या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक चालायचं. घरडांनी ते आपल्या पद्धतीने बनवून खूपच स्वस्तात बाजारात आणलं. म्हणजे माटुंग्याच्या वर्गात शिकलेल्या आणि शिकवलेल्या रसायनशास्त्राचा हिशेब शेवटी उत्तरेतल्या गव्हाच्या शेतकऱ्याच्या खर्चात लागला. २००४ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्सचा केमिकल पायोनियर पुरस्कार त्यांना मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यात लोट्याजवळ लवेलला त्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विद्यापीठातून कारखाना आणि कारखान्यातून पुन्हा महाविद्यालय असं वर्तुळ क्वचितच इतक्या ठळकपणे पुरं झालेलं दिसतं.

या जाळ्याचं दुसरं टोक पुण्यात, पाषाण रस्त्यावर. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झालं. पहिले दोन संचालक परदेशी. १९५७ साली पहिला भारतीय संचालक नेमायचा झाला तेव्हा वेंकटरामन माटुंग्याहून पुण्याला गेले. त्यांच्यानंतर १९६६ साली आलेले बी. डी. टिळक, तेही यूडीसीटीहूनच. १९८९ साली संचालक झालेले रघुनाथ माशेलकर हे शर्मांचे विद्यार्थी. गोव्यातल्या माशेल गावचा हा मुलगा मुंबईत गरिबीत शिकला, हे मराठी वाचकाला मी नव्याने सांगायला नको. त्यांच्या आधीचे संचालक एल. के. दोराईस्वामी आणि माटुंग्याचे शर्मा यांनी मिळून विषमांगी प्रक्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९८४ साली आला. एक लेखक मुंबईच्या विद्यापीठ-विभागात, दुसरा पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत, मधलं अंतर डेक्कन क्वीनच्या एका फेरीचं. दोन्ही संस्थांचे आश्रयदाते वेगळे, नियम वेगळे, पगाराचे तक्ते वेगळे. त्यांना एकत्र बांधण्यासाठी कुठलंही महामंडळ काढावं लागलं नाही.

टिळकांविषयी एक वेगळी नोंद करायला हवी. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्याचं केंद्र पुण्यात काढलं. मोठ्या कारखान्यांच्या सहवासात आयुष्य गेलेल्या रसायनशास्त्रज्ञाला उतारवयात खेड्याकडे वळावंसं वाटलं, यात या जाळ्यावरची एक मूक टीका मला तरी दिसते.

ज्ञान सीमा पाळत नाही, ही प्रादेशिक विकासाच्या आराखड्यांची कायमची डोकेदुखी. के. अंजी रेड्डी आंध्रातल्या गुंटूरचे. औषधनिर्मितीचं शिक्षण यूडीसीटीत, पीएचडी पुण्याच्या प्रयोगशाळेत. ही दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रातली. पण नोकरी त्यांनी धरली हैदराबादच्या सरकारी औषध कारखान्यात आणि १९८४ साली डॉ. रेड्डीज काढली तीही हैदराबादलाच. तिथे सरकारी कारखाना होता, सरकारी प्रयोगशाळा होती, त्यातून बाहेर पडणारी माणसं होती. म्हणजे तिथेही एक जाळं विणलं जात होतं. महाराष्ट्राचं यात नुकसान झालं असं म्हणणाऱ्यांनी उलटी बाजूही पाहावी: शर्मा जोधपूरचे, वेंकटरामन दक्षिणेतले. आणि दमणगंगेकाठची वापी गुजरातेत असली तरी माटुंग्याच्या पदवीधराला ती लोट्यापेक्षा जवळ पडते.

पैशाचा प्रश्नही याच वाटेने सुटत गेला. संस्थेतली अनेक अध्यासनं, व्याख्यानमाला आणि इमारती माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून आल्या. जून २०२५मध्ये मुकेश अंबानी यांनी आपल्या या जुन्या संस्थेला १५१ कोटी रुपयांची गुरुदक्षिणा जाहीर केली. त्यावर काय अटी, असं विचारायची सोय नव्हती. अट नाही हेच त्यांनी सांगितलं. या बातमीचे मथळे झाले. मला मात्र त्याआधीच्या, मथळे न झालेल्या देणग्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. मध्यम आकाराच्या कारखान्याचा मालक आपल्या प्राध्यापकाच्या नावे शिष्यवृत्ती ठेवतो, तेव्हा दरवर्षी एकदा तरी माटुंग्याला येतो. आला की प्रयोगशाळेत डोकावतो. डोकावला की प्रश्न विचारतो. संस्था २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली आणि मुंबई विद्यापीठाच्या कारभारातून सुटली, तेव्हा तिच्या पाठीशी हा गोतावळा होता.

इथवर वाचून ही यशोगाथा वाटली असेल, तर फेब्रुवारी २०२०मधली डोंबिवली आठवा. एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता आणि मुख्यमंत्र्यांना तो पाहायला यावं लागलं. अंबरनाथहून वाहणाऱ्या वालधुनीची अवस्था तिच्या काठावर राहणाऱ्यांना विचारा. मे २०१६ आणि मे २०२४, दोन्ही वेळा डोंबिवलीत कारखान्यांत स्फोट झाले आणि दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसं गेली. दोष विद्यापीठाचा नाही, हे खरं. उष्णतेचं जे गणित वर सांगितलं, ते माटुंग्याला पाठ आहे. पण ते कोणापर्यंत पोचतं, हा प्रश्न उरतोच. सल्ला मिळतो तो सल्ला विकत घेऊ शकणाऱ्याला किंवा ज्याचा वर्गमित्र प्राध्यापक आहे त्याला. दोन केटल टाकून तिसऱ्याच्या नावावर परवाना चालवणाऱ्या गाळ्यापर्यंत, तिथल्या कंत्राटी कामगारापर्यंत आणि भिंतीपलीकडच्या सोसायटीपर्यंत हे जाळं कधी पोचलंच नाही. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेची ही किंमत आहे: ज्याची ओळख नाही, तो बाहेर. यील्ड वाढवायला मालक प्राध्यापकाकडे धावतो, सांडपाण्यासाठी मात्र नियंत्रण मंडळाची नोटीस येईपर्यंत थांबतो. वास्तविक माल वेगळा काढल्यावर उरणारा, गटारात जाणारा मदर लिकर म्हणजे त्याचाच वाया गेलेला कच्चा माल. हे गणित कारखान्याला पटवून देणं ही विद्यापीठाची जबाबदारी होती, आणि ती बरीच वर्षं दुय्यम राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ जानेवारी २००५पासून वस्तूवरचं पेटंट परत आलं. दुसऱ्याचं औषध वेगळ्या वाटेने बनवण्याची जुनी मुभा नव्या औषधांपुरती संपली. आता स्वतःचं काही नवं हवं होतं आणि त्यासाठी जुनी ओळख पुरेशी नव्हती. पुण्याच्या प्रयोगशाळेच्या परिसरात २००७ साली व्हेंचर सेंटर सुरू झालं. नवउद्योजकाला प्रयोगशाळेची जागा, महागडी उपकरणं आणि पेटंटचा सल्ला तिथे शुल्क भरून मिळतो. त्यासाठी कोणाचा वर्गमित्र असावं लागत नाही. जुन्या जाळ्यात जी उणीव होती, तिच्यावरचा हा निदान अर्धा उपाय आहे.

राज्यकर्त्यांना मात्र नकाशावर टिकली लावायची घाई असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात तीन विद्यापीठांच्या मधोमध रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ साली आखला गेला. जमीन होती, गव्हर्नरांचा पाठिंबा होता, विद्यापीठं नावाजलेली होती, तरी कंपन्या रांगेने आल्या नाहीत. आयबीएमने यायचं ठरवलं तेव्हा १९६५ उजाडलं होतं, आणि मगच गाडी रुळावर आली. आपल्याकडे इतकी वर्षं थांबायला कोणते पालकमंत्री तयार होतील?

हे विचारायचं कारण जालना. २०१८ साली यूडीसीटीच्या या वारसदार संस्थेने मराठवाड्यासाठी जालन्याला केंद्र सुरू केलं. जालना म्हणजे बियाण्यांच्या कंपन्या आणि सळ्यांचे कारखाने. डोंबिवलीसारखी रसायन-वसाहत तिथे नाही. म्हणून माटुंग्याचा नमुना जसाच्या तसा तिथे उतरणार नाही. तिथल्या प्राध्यापकांना बियाण्यांवरचे लेप, शेतमालाची प्रक्रिया, रोलिंग मिलची राख अशा प्रश्नांपासून स्वतःचा गोतावळा जमवावा लागेल. पाच-सात वर्षांत काय दिवे लावले, असं विचारणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगावं की माटुंग्याच्या विभागाला स्वतःची इमारत मिळाली १९४३ साली. पहिली दहा वर्षं तो दुसऱ्याच्या जागेत चालला होता.